हिरवा ठिपका पाहिला, कांदा विसरले

कट्टेकरी मंडळी, संध्याकाळी अडकलेय ती अजून सुटलेली नाही.

आज लेकीचा वाढदिवस. तिला जाहिरातीतला पिझ्झाच हवा होता. इथे रत्नागिरीत तो मला एकाच दुकानात सापडला, आणि तिथल्या फ्रीजरमध्ये वर पिझ्झा, खाली कोळंबी! आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

एकेक खोका वर काढून मी शाकाहाराचा हिरवा ठिपका शोधत होते. बोटं बधिर झाली. दुकानदार ओरडला, "वहिनी, झाकण लावा, मासळी मऊ पडेल माझी!"

मिळाला एकदाचा. घरी येऊन गुपचूप खोका नळाखाली धुतला. दोनदा. मग पिझ्झा तव्यावर झाकण ठेवून गरम केला. चीज वितळलं आणि खालून कांद्याचे काप वर आले.

सासूबाईंचा चातुर्मास! कांदेनवमीला त्यांच्यासाठी कांदाभजी मीच तळली होती, त्याला आठवडासुद्धा झाला नाही. आता चार महिने त्या कांद्याला शिवणार नाहीत. आणि लेक तर हट्टाला पेटलेली, "पहिला घास आजीचा!"

मला रडूच फुटलं. सासूबाई जवळ आल्या. "रडतेस काय गो एवढ्याशासाठी? तुम्ही खा हा. उद्या मी येते तुझ्याबरोबर दुकानात. बिनकांद्याचा मीच निवडते."

लेक टाळ्या पिटतेय. सासूबाईंनी उद्याची साडीसुद्धा काढून ठेवली.

सांगा मंडळी, त्या फ्रीजरचं झाकण मी त्यांच्यासमोर कसं उघडू?