हो गया समझो

सुचेता केळुसकरने सोळा वर्षं मिक्सर आणि गिझरच्या माहितीपुस्तिका लिहिल्या. 'भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये' असं ती लिहायची आणि लोक काठोकाठ भरून मग कंपनीला शिव्या घालायचे. परक्यांचं सोडा हो, तिचे यजमान पंढरीनाथ! बायकोनेच लिहिलेली पुस्तिका न वाचता त्यांनी रिकामा गिझर चालू केला आणि जाळून दाखवला.

ती कंपनी बंद पडली, तेव्हा सुचेता एक्कावन्न वर्षांची. भाईंदरच्या घरात बसून करायचं काय? मीरा रोडला फरसाणवाल्याच्या वर एक सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं, तिथे ती कॉन्ट्रॅक्टवर लागली. काम त्यांच्या एआय एजंटचं. 'या प्रोजेक्टची कोणती कामं राहिलीत?' असं कुणी विचारलं की एजंटने नेमकं टूल, म्हणजे हाताखालचा छोटा प्रोग्रॅम, उचलून ती कामं काढून आणायची. पण त्या बिचाऱ्याला टूलच्या पोटात काय आहे ते थोडंच दिसतं? टूल कशासाठी, कधी वापरायचं, काय आणून देतं, हे जसं लिहून ठेवाल तसा तो वागणार. ते लिहायचं सुचेताने. आणि हा पठ्ठ्या शब्द न् शब्द वाचायचा! जन्मात पहिल्यांदा असा वाचक मिळाला म्हणून बाई भलत्याच खूश होत्या.

ऑफिसचा मालक यतीन, तिच्या मुलाच्या वयाचा. जूनपासून तो तिला कायम करणार होता. पत्राचं विचारलं की गोड हसायचा आणि झालंच समजा म्हणायचा. कॉन्ट्रॅक्ट या महिनाअखेरीस संपत होतं.

शुक्रवारी एक बिल्डरबाई एजंट बघायला येणार होत्या. दुसऱ्या ग्राहकाची कामं दाखवता येत नाहीत, म्हणून ऑफिसचीच यादी जोडली. बुधवारी चाचणी घेतली, तर एजंट म्हणाला, एकही काम राहिलेलं नाही. आणि इथे सगळे कामात गळ्यापर्यंत बुडालेले! यतीनने खापर सुचेताच्या लिखाणावर फोडलं. तिने तीनदा वाचलं. 'डन नसलेली कामं आणावीत' असं स्वच्छ लिहिलं होतं. चूक सापडेना, तशी ती चिडचिडत घरी आली.

घरी ओट्याखालच्या ड्रॉवरचं काम तिसऱ्या आठवड्यात गेलेलं. एक ड्रॉवर जमिनीवर, त्यात कांदे-बटाटे. पंढरीनाथांनी रामू सुताराला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "अंकल, हो गया समझो."

सुचेताच्या हातातला डाव आमटीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने यादी उघडली. सगळं डन. आणि प्रत्येकाखाली शेरा: 'हो गया समझो', 'कल पक्का'. खोटं कुणी बोलत नव्हतं बरं का! सकाळी आल्या आल्या डन करून टाकायचं, म्हणजे साहेब विचारत नाही, आणि मग दिवसभर निवांत काम करायचं, ही तिथली रीतच होती. तिने टूलच्या माहितीत भर घातली: 'नुसत्या डनवर विसंबू नये. शेवटचा शेरा वाचावा. तिथे "हो गया समझो" किंवा "कल पक्का" असेल, तर काम राहिलेलं धरावं.'

आणि मग यादीच्या तळाशी तिला ते दिसलं. 'सुचेता मॅडम, कायम करण्याचं पत्र. जबाबदारी: यतीन.' डन. खाली शेरा, हो गया समझो.

नवं वाक्य ठेवलं तर उद्या पाहुण्यांसमोर मालकाचंच पितळ उघडं पडणार. तो बिथरला तर महिनाअखेरीस घरीच बसा. ते वाक्य पुसायला तिने बोट टेकवलंसुद्धा. पण सोळा वर्षांनी एक इमानी वाचक मिळालाय, त्यालाच फसवायचं? तिने बोट काढून घेतलं.

शुक्रवारी बिल्डरबाई, ममता शाह, आल्या आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. एजंटने अकरा राहिलेली कामं काढून आणली, प्रत्येकाचं कारण सांगितलं. अकरावं वाचताना यतीनचे कान लालबुंद झाले. सुचेता खाली मान घालून बसली.

ममताबेन डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्यांच्या साइटवर म्हणे अशीच दोनशे कामं झालेली होती, त्यांना हाच एजंट हवा होता. जाता जाता मात्र त्या यतीनकडे वळल्या.

"पण मॅडमचं लेटर राहिलंय ना हो?"

संध्याकाळच्या आत यतीन स्वतः लिफाफा घेऊन तिच्या टेबलाशी आला. "मॅडम, हो गया," तो म्हणाला.

"समझो?"

"नाही. खरंच झालं."

सुचेताने पत्र दोनदा वाचलं, सही तपासली. गहिवरून आलं होतं, पण काम आधी. तिने यादी उघडून अकराव्या कामाखाली शेरा लिहिला: 'पत्र हातात मिळालं. खाली सही आहे.' आणि मग ते स्वतःच्या हाताने डन केलं.