खुटबावचे आकडे

रेडिओ-लिंकवर चार वर्षं काढली की किस्से जमवावे लागत नाहीत, पायात येतात. मला एका जागी बसवत नाही, तेव्हा सुचतील तसे सांगते.

*

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. खुटबावच्या टाकीतल्या दुधाचं तासातासाचं तापमान रेडिओवरून शिरूरच्या डेअरीत कॉम्प्युटरवर यायचं. टँकर गेटवर पोचायच्या आत सगळे आकडे आले नाहीत, तर गावाचं दूध परत. आकडे पाठवायचं काम कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं, म्हणजे ओएसचं. आणि आकडे वाटेत अडकायचे. मी डेअरीत येरझाऱ्या घालायची.

पुण्याचे इंजिनिअर साहेब म्हणायचे, "मावशी, बसा. ओएस पाठवतेय ना."

"ती बसलीय, म्हणून तर मी उभी हाय."

*

मी सातवी शिकलेली. डिक्शनरी मांडीवर घेऊन ओएसचं मॅन्युअल वाचलं, तेव्हा कळलं. आकडा हरवला की ओएसला वाटतं रस्त्यात गर्दी आहे, आणि ती दर वेळी दुप्पट थांबते. गर्दी कुठली? रस्ता मोकळा, रेडिओच कच्चा!

साहेब म्हणाले, "ओएसमध्ये आपल्याला बदल करता येत नाही."

"मग तिचं काम काढून घेते."

*

ओएसकडं फक्त आकड्याचं पाकीट रेडिओवर फेकायचं ठेवलं. मोजणं, पोच घेणं, हरवलेलं पुन्हा पाठवणं माझ्या प्रोग्राममध्ये आणलं. पहिल्याच दिवशी त्यानं पोचेची वाटच पाहिली नाही. एकच आकडा इतक्यांदा पाठवला की लिंक तुंबली.

"अगदी तुमच्यावर गेलाय," साहेब म्हणाले.

खरं होतं. म्हणून जास्त राग आला.

*

खुटबावची टाकी आप्पा सांभाळायचे. अर्धं आयुष्य मेंढरं वळलेला माणूस. त्यांना विचारलं, "एक मेंढरू मागं राह्यलं तर कळप थांबवता?"

"कशापायी? कळप चालतो. एक गडी मागं जातो."

ओएस मात्र मागचा आकडा येईपर्यंत पुढचे सगळे अडवून धरायची, आणि तिचं बघून माझा प्रोग्रामही तेच करत होता. मी त्याच दिवशी त्यातलं अडवणं काढून टाकलं.

*

मग साहेबांनी परीक्षा लावली. एका कॉम्प्युटरवर ओएसची पद्धत, दुसऱ्यावर माझी. मी हरले तर माझा प्रोग्राम काढणार.

नेमकं वारं सुटलं, अँटेना हलायला लागली. टँकर गेटवर आला. सोबत आप्पा. माझ्या स्क्रीनवर सगळे आकडे, साहेबांची स्क्रीन कोरी.

"या आकड्यांवर भरवसा कसा ठेवू?" साहेब म्हणाले.

आप्पांनी टाकीचं तासातासाचं तापमान लिहिलेली वही खिशातून काढली. साहेब स्क्रीनवरचा आकडा वाचायचे, आप्पा वहीतला. एकही चुकला नाही. गेट उघडलं.

दूध उतरवून आम्ही चहा घेत होतो, तेव्हा साहेबांच्या स्क्रीनवर पहिला आकडा उमटला. आप्पांनी वाकून पाहिलं.

"साहेब, ह्याला बी कपभर द्या. चालत आलाय."