दोन फुटांचा कठडा

समोर असले की आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो आणि पाठ फिरली की फूटपट्टी. मोजणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेप. तळ्याकाठच्या आमच्या बेचाळीस घरांच्या रहिवासी संघाचे ते चौदा वर्षं चिटणीस. दुसरं कुणी ते लोढणं गळ्यात घ्यायला तयार नव्हतं, हेही खरं. कुंपण साडेतीन फूट, दारं राखाडी, आणि पाण्याकडच्या बाजूला दोन फुटांच्या वर काही उभं करायचं नाही, कारण मागच्या घरांनाही तळं दिसलं पाहिजे. हा शेवटचा नियम तर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला.

माझा नि त्यांचा छत्तीसचा आकडा होता. माझ्या आईने दिलेल्या वेलीला मी पाण्याच्या बाजूला मांडव घातला, तर हे टेप घेऊन हजर.

"ताई, सहा फूट एक इंच."

"वेल आहे हो भाऊ, वाढणारच."

"वेलीला हरकत नाही. मांडवाला आहे."

मांडव काढला. महिनाभरात वेल वाळली. त्यानंतर वर्षभर मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. त्यांच्या बायकोशी मात्र बोलणं होतं. वहिनी रोज संध्याकाळी पाचला त्यांच्या घरामागच्या अकरा पायऱ्या उतरायच्या, शेवटच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडायच्या आणि मला हाक मारायच्या, "गार आहे, ये." भांडण नवऱ्याचं, माझं काय, असं त्यांचं सरळ होतं.

मध्यंतरी वहिनी लेकीकडे गेल्या त्या तीन महिने आल्याच नाहीत. तेवढ्यात फलकावर नोटीस लागली: घर क्रमांक सात, पाण्याच्या पायऱ्यांना कठडा, उंची तीन फूट, हरकत असल्यास पंधरा दिवसांत पेटीत टाकावी. सात म्हणजे खुद्द फूटपट्टी. आयतेच तावडीत सापडले की. मी कागद घेतला, "नियम सगळ्यांना सारखा" एवढंच लिहिलं, नाव न घालता तो पेटीत टाकला आणि घरी येऊन चहा केला. खोटं कशाला बोलू, तो चहा फार छान लागला.

आमच्याकडे एक जरी हरकत आली तरी अर्ज थेट वार्षिक सभेत जातो. सभेला आठ महिने होते.

पुढच्या आठवड्यात सात नंबरपुढे गाडी थांबली. लेकीने आणि भाऊंनी मिळून वहिनींना उतरवलं. डावा हात छातीशी दुमडलेला, डावा पाय फरफटत. लेकीकडेच अर्धांगवायूचा झटका आला होता. भाऊंनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि अर्जात लिहायचं तर अर्जाच्या नमुन्यात कारणाला रकानाच नव्हता. तो नमुनाही त्यांचाच. मी दारातच उभी राहिले. वहिनींसमोर जायची हिंमत झाली नाही.

लेक परत गेली आणि भाऊंनी कठडा बसवला. दोन फुटांचा. नियमात बसणारा. वहिनींच्या गुडघ्याच्या जरा वर येत होता. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसायचं. वहिनी उजवा हात लांबवायच्या, पण वाकल्याशिवाय तो काही कठड्याला पोचायचा नाही. भाऊ एक पायरी खाली उलटे उभे राहून त्यांना धरायचे, मग त्यांचाच गुडघा लटपटायचा. तिसऱ्या पायरीवर दोघं बसून राहायचे. चार दिवस मी हे बघितलं. माझी मला लाज वाटत होती.

पाचव्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. भाऊ व्हरांड्यात संघाची वही घेऊन बसले होते.

"भाऊ, ती हरकत माझी होती. मला परत घ्यायचीय."

"माहीत आहे. चौदा वर्षं तुमच्या तक्रारी वाचतोय, अक्षर नाही का ओळखणार?"

"मग फाडून का नाही टाकलीत?"

"पेटीत आलेली चिठ्ठी?" त्यांनी मी चोरी करायला सांगितल्यासारखं बघितलं. "आणि परत घेता येत नाही. कलम नऊ."

"कुणी लिहिलं हे कलम नऊ?"

"मी." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुसतच राहिले. "तिला पाण्यात पाय घालायचेत, ताई. रोज विचारते. मी रोज म्हणतो, सभा होऊ दे."

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. तशीच उठून घरी आले.

पाचला परत गेले. वहिनी पहिल्या पायरीवर भाऊंचा हात धरून उभ्या होत्या. मी त्यांच्या दुसऱ्या बाजूला शिरले, त्यांचा तो दुमडलेला हात माझ्या खांद्यावर घेतला आणि कंबर धरली. भाऊ गडबडले.

"माझी उंची पाच फूट दोन इंच," मी म्हटलं. "पाण्याच्या बाजूला उभी आहे. मोजायचं तर मोजा."

त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेलाही होता. तो तसाच मागे आला आणि त्यांनी वहिनींना धरलं.

अकरा पायऱ्यांना वीस मिनिटं लागली. शेवटच्या पायरीवर वहिनींना बसवलं, भाऊंनी खाली वाकून त्यांच्या चपला काढल्या, एकेक पाय उचलून पाण्यात ठेवला. वहिनी बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या. मग वाकड्या झालेल्या तोंडाने, एकेक शब्द जुळवत मला म्हणाल्या, "गार आहे. ये."

सभेला अजून सात महिने आहेत. मी रोज पाचला जाते.