नळाचं दुहेरी फडकं

आमच्या ह्यांचं नाव सावळीराम, पण पंचवटीतली आमची अख्खी गल्ली त्यांना ‘फडकंवाले’ म्हणते. बरोबरच म्हणते. एकदा पाण्याच्या तांब्यात लाल अळी निघाली, तेव्हापासून घरातल्या प्रत्येक नळाच्या तोंडाला यांनी फडकं बांधलं. स्वयंपाकघरात एक वेळ ठीक. पण न्हाणीतही! आणि फडकं कसलं, तर यांच्याच जुन्या बनियनचं. शी! अहो, धुवायला तरी द्या, म्हटलं तर म्हणायचे, ‘‘हात लावू नकोस. तुला घट्ट बांधता येत नाही.’’

पंच्याऐंशी साली यांनी गॅसचा गीझर आणला. नळ सोडला की पाण्याच्या जोरानं आपोआप पेटायचा, बंद केला की विझायचा. झालं! माझा तांब्याचा बंब गेला मोडीत. मी तोंडानं बोंबलत राहिले, पण ऐकतंय कोण?

त्याच थंडीत आमची चांगुणा बाळंतपणाला आली. पोरगा झाला. सव्वा महिना लेक-नातू माझ्याकडे राहणार, रोज कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, मी हवेतच होते. तिसऱ्याच दिवशी बाळाला पायावर घेतलं, तांब्या ओतला आणि पोर टाहो फोडून रडलं. पाणी गारढोण! गीझर विझलेला. परत नळ सोडला, पेटेचना.

मग यांचे प्रयोग. सिलिंडर बदललं. नळी बदलली. दुकानदाराला शिव्या घातल्या. झुंबर नावाचा मेकॅनिक दोनदा आला. तो नळ सोडायचा, गीझर भक्कन पेटायचा. ‘‘काका, काय बिघाड नाय याच्यात,’’ म्हणून जायचा. तो गेला की पुन्हा गार. तोवर बाळाची छाती घरघरायला लागली. मी स्टोव्हवर पातेली तापवून तापवून मेटाकुटीला आले, आणि बाळंतिणीच्या पाण्यात रॉकेलचा वास.

ते ऐकून नांदगावहून विहीणबाई आल्या, अंबूबाई. बाळाला छातीशी धरून म्हणाल्या, ‘‘आमच्याकडं चूल हाय, हंडा हाय. मी पोरीला घेऊन चालले.’’ मी त्यांना कसंबसं थांबवलं.

झुंबरला तिसऱ्यांदा बोलावलं. तो दारात आला तसे हे धावत न्हाणीत गेले. मी मागून बघते, तर काय! फडकं सोडून खिशात कोंबताहेत. परक्या माणसाला ते मळकं दिसू नये म्हणून! आधीच्या दोन्ही वेळाही हेच केलेलं. झुंबरनं नळ सोडला, गीझर पेटला. तो गेला, यांनी फडकं बांधलं, पाण्याची धार करंगळीएवढी झाली आणि गीझर विझला.

मी ते ओढूनच काढलं. दुहेरी होतं. लाल गाळ, शेवाळाचा बुळबुळीत थर, आणि मध्ये बनियनची काखेची शिवण. मी ते यांच्या नाकासमोर धरलं. ‘‘या पाण्यानं पोराला न्हाऊ घातलं मी!’’

‘‘नातवासाठीच दुहेरी केलं,’’ हे म्हणाले.

फडक्याशिवाय नळ धो धो वाहिला, वाफा निघाल्या. विहीणबाईंनी हात घालून पाहिला. ‘‘आता बरंय. हे फडकं नाय बांधणार म्हणा, म्हंजे ठेवते पोरीला.’’

मी यांच्याकडे बघितलं. चांगुणानंही बघितलं. एक ‘बरं’ म्हणायचं होतं हो, एक!

‘‘माझ्या घरात न गाळलेलं पाणी? अळ्या घालू नातवाच्या अंगावर?’’ म्हणत ह्यांनी ते परत बांधायला घेतलं.

विहीणबाईंनी बाळाला शालीत गुंडाळलं. दुपारच्या एस.टी.नं सगळे गेले. चांगुणा खिडकीतून नुसती रडत होती.

स्टँडवरून घरी आले तर हे न्हाणीत उभे. फडकं नवंकोरं, चौपदरी. ‘‘बघ, किती स्वच्छ येतंय आता.’’

दोरीवर बाळाचा एक लंगोट राहून गेला होता. तो त्या गार पाण्यात धुतला आणि परत वाळत घातला.