भावजी आता नावं ठेवत नाहीत

माझ्या ताईच्या नवऱ्याबरोबर हॉटेलात जेवायला जाणं ही शिक्षा होती. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला माझी काही हरकत नाही.

भावजी बिस्किटांच्या कारखान्यात चव तपासायचे. सव्वीस वर्षं तेच काम. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक खेपेतलं एक बिस्कीट पांढऱ्या वाटीत त्यांच्यापुढे यायचं. ते चावायचे, तोंडात घोळवायचे, थुंकायचे, कोमट पाण्याने चूळ भरायचे आणि अंगठा वर किंवा खाली करायचे. खाली झाला की अख्खी खेप परत. त्या अंगठ्याला मोठे साहेबसुद्धा वचकून असत.

दर शनिवारी संध्याकाळी दोघं बाहेर जेवायला जायची. त्यांना मूलबाळ नाही, मी एकटी आणि वरच्याच मजल्यावर राहणारी, म्हणून बरेचदा माझीही वर्णी लागायची. हॉटेलं साधीच, पाच-सहा टेबलांची, काचेखाली मेनूकार्ड दाबलेली. बसल्याबसल्या भावजी कोमट पाणी मागायचे. मग डोळे मिटून पहिला घास, आणि लगेच सुरुवात.

"तेल कालचं आहे."

"सूप खाली लागलंय. वरचं वर काढून वाढलंय. आचाऱ्याला बोलवा जरा."

आचारी हात पुसत यायचा, आधी गुरगुरायचा, मग ओशाळायचा. सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही, की भावजी कधी चुकायचे नाहीत. ताई बिचारी रुमालात तोंड लपवायची. घरी तर तिने रांधलेल्या कुठल्याही पदार्थाची धडगत नव्हती.

"अहो, एकदा तरी 'असू दे, छान आहे' म्हणा आणि मुकाट्याने जेवा," ती काकुळतीला यायची.

"छान असलं तर म्हणेन की." मग माझ्याकडे वळून, "काय मास्तरीणबाई, तुम्ही चुकलेल्या गणिताला मार्क देता का?"

मी गणित शिकवते. आणि नाही देत.

गेल्या वर्षी भावजींना आठवडाभर ताप आला. साधा ताप, घरोघरी येतो तसा. उठल्यावर पहिल्याच शनिवारी आम्ही कोपऱ्यावरच्या जिन्याखालच्या हॉटेलात गेलो. भावजी सूप प्यायले, टोस्ट खाल्ला, नूडल्सची अख्खी बशी संपवली. एक अक्षर नाही. ताई माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसली. मी तिच्या कानात म्हटलं, "देव पावला गं बाई!" ते वाक्य आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

असे चार-पाच शनिवार गेले. ताई खुशीत होती. माणूस निवळला, वयाने शहाणपण आलं, असं ती शेजारणींना सांगत होती. मग एके दिवशी तिथेच सूप आलं. मी चमचा तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला. इतकं करपलेलं, की वासानेच घसा खवखवला. शेजारच्या टेबलावरचे लोकही वेटरला हाका मारू लागले. भावजी शांतपणे पीत होते. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. वाटीचा तळ दिसला तेव्हा तिने विचारलं, "अहो, चवीला काही लागलं का तुम्हाला?"

"छान आहे की," भावजी म्हणाले. मग आमचे चेहरे बघितले आणि त्यांचा चेहरा पडला.

त्यांना वास येणं बंद झालं होतं. मीठ, साखर, आंबट, कडू एवढं जिभेला कळे. पण व्हॅनिला काय, लोणी काय, करपलेलं काय, सगळं सारखंच. कारखान्यात रंग बघून आणि दाताखालचा कुरकुरीतपणा ऐकून ते अंगठा वर करत होते. चालून जात होतं. पण वर्षअखेरीला तपासनीसांची परीक्षा असते. ती तांबड्या दिव्याखाली घेतात, म्हणजे रंग कळू नये. तिथे डोळ्यांचा काही उपयोग नव्हता.

डॉक्टर म्हणाले, नाकाला सवय लावत राहा, आलं तर येईल. ताईने पदर खोचला. आता शनिवारच नव्हे, एक दिवसाआड दोघं बाहेर. आज या हॉटेलात, परवा त्या. भावजी डोळे मिटून बसत, ताई घास भरवत असे आणि विचारत असे. लोक बघत, हसत. एका टवाळाने "नवं लग्न वाटतं" म्हटलं, तर ताईने त्याला असं झापलं की तो कॉफी अर्धी टाकून गेला. जन्मभर चारचौघांत लाजणारी माझी बहीण ही!

"कॉफी?"

"कडू आहे काहीतरी."

"नीट आठवा हो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी उतू घालवली होती ती."

"आठवते आहे. वास नाही येत गं."

सात महिने हे चाललं. ताईच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. तिचं स्वतःचं जेवण कुठे होतं? ती नुसती त्यांच्या नाकाकडे बघत असायची. मी म्हटलं, पुरे कर आता. तर माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

अशात मोठ्या साहेबांनी भावजींना बोलावून घेतलं. त्यांना कुणकुण लागली असावी. माणूस भला. म्हणाले, नवीन तपासनीसांना शिकवायला कुणीतरी हवंय, तुम्ही या तिकडे, परीक्षेची भानगड नाही. सोमवारपर्यंत सांगा.

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी आम्ही तिघं आइस्क्रीमच्या दुकानात होतो. भावजींनी डोळे मिटले. ताईने चमचा पुढे केला. भावजींनी घोळवलं, थांबले आणि म्हणाले, "संत्रं."

संत्रंच होतं. ताई भर दुकानात हुंदके देऊन रडली. त्यांचे दोन्ही हात तिने कपाळाला लावले. मीही रडले, खोटं कशाला सांगू? रात्रीपर्यंत थांबणं कुठलं, तिथेच ती म्हणाली, "आता कशाला शिकवणी? साहेबांना नाही म्हणून सांगा. तुमची खुर्ची तुमचीच आहे."

भावजी काहीतरी बोलायला गेले. तिचा चेहरा बघून थांबले. सोमवारी त्यांनी साहेबांना नाही म्हणून लिहून दिलं.

खरं काय ते मला परीक्षेनंतर कळलं. भावजी जिन्यात बसले होते, घरात जायची हिंमत होत नव्हती. आइस्क्रीमच्या दुकानात त्या दिवशी ताईच्या बोटाला केशरी डाग लागला होता. डोळे किलकिले करून त्यांनी तो बघितला होता. सव्वीस वर्षांत जाणूनबुजून कधी खोटा अंगठा वर न केलेल्या माणसाने बायकोच्या गळ्याची हाडं बघून एकदा केला.

"वाटलं, एक दिवस तरी पोटभर जेवेल ती," ते म्हणाले. "नंतर सांगणार होतो."

परीक्षेत पाच वाट्या होत्या. एकीतलं तूप खवट होतं. पोरासोरांनाही कळलं असतं. भावजींनी अंगठा वर केला. शिकवायच्या जागेवर तोवर दुसरा माणूस आला होता. साहेबांनी शाल दिली, पाठीवर हात ठेवला आणि फाटकापर्यंत सोडायला आले.

ताईला त्यांनी डागाची गोष्ट सांगितली. ती ओरडली नाही, रडली नाही. नुसतं एवढंच म्हणाली, "मी तरी बोट पुसायचं होतं." ओरडली असती तर बरं झालं असतं.

गेल्या शनिवारी आम्ही पुन्हा जिन्याखालच्या हॉटेलात गेलो. वेटर जुना. न सांगता त्याने कोमट पाणी आणून ठेवलं. भावजींनी ते तहान लागल्यासारखं पिऊन टाकलं. सूप आलं. ताईने एक चमचा घेतला आणि मोठ्याने हाक मारली, "आचाऱ्याला बोलवा! सूप खाली लागलंय!"

आचारी आला. त्याने चाखलं. "नाही हो ताई, आत्ताच उतरवलंय."

मीही चाखलं. सूप उत्तम होतं. "मला कळत नाही का?" ताईचा आवाज चढला. ती आचाऱ्याशी भांडत होती, पण बघत होती भावजींकडे. त्यांनी चिडावं, तिला खोडून काढावं, नाहीतर तिची बाजू घेऊन वाद घालावा, काहीतरी करावं म्हणून ती जिवाच्या आकांताने भांडत होती.

भावजींनी तिच्या हातावर हात ठेवला. "असू दे गं," ते म्हणाले. "छान आहे."

आणि मुकाट्याने जेवू लागले. आचारी गेला. ताईने रुमाल तोंडाला लावला, पण लाजेने नव्हे. रुमालामागूनच ती म्हणाली, "अहो, एकदा तरी नावं ठेवा हो."

भावजींनी आणखी एक चमचा तोंडात घोळवला. मग म्हणाले, "मीठ बरोबर आहे."