नाव घातलेली गाडी

वैजूताईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमचा कुकर बडवत होती. नेदरलँड्समधल्या आमच्या एनस्खेडे गावातल्या मराठी मंडळींचं गणपतीचं जेवण आमच्याकडे होतं. वरणाच्या कुकरचं झाकण अडकलेलं, आणि आम्ही सगळ्या जणी भोवती उभ्या राहून नुसत्या सल्ले देत होतो. कोल्हापूरहून नुकतीच आलेली ही बाई पुढे झाली, कुकर गार झाल्याची खात्री केली आणि खलातला बत्ता उचलून झाकणाच्या कडेवर दणादण घाव घातले. झाकण निघालं. "ठोकल्याबिगर काय सरळ होत न्हाई बघ," म्हणाली आणि पानं वाढायला गेली.

तिच्या वडिलांचं उद्यमनगरात डेंटिंगचं वर्कशॉप होतं. चेपलेल्या गाड्या ठोकून सरळ करायच्या, हाच घरचा धंदा. नवरा शिरीष पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, आणि चारचौघांत इतका गोड की विचारू नका. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं वैजूताई "मी जातो, मी करतो" म्हणायची. तो सगळ्यांदेखत हसून म्हणायचा, "जाते म्हण गं, पुरुष आहेस का तू?" घरी गेल्यावर तो हसत नसे.

एकदा तिच्या डोळ्याखाली काळंनिळं दिसलं. विचारलं तर म्हणाली, "पोचा आलाय. निघंल." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "ताई, आत्ता ऊठ, पोलिसांत जाऊ."

"आणि राहू कुठं? घर त्याचं, बँक त्याची, माझ्या बापानं दिलेल्या भांड्यांवर पण त्याचंच नाव. या मुलखात एक वस्तू माझ्या नावावर होऊ दे मेघा. मग बघ मी काय करतो."

ती वस्तू म्हणजे गाडी. सायकली दुरुस्त करायच्या दुकानात ती नोकरीला होती. सुटीच्या दिवशी गावाबाहेर हेंक नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रिकाम्या गोठ्यात ती गाडी बनवायची. पाइप जोडून चासी केली, इंजिन कुठल्याशा ठोकलेल्या गाडीचं, पत्रा भंगारातला. दोन सीटची, बसकी, केशरी. मी डबा घेऊन गेले की ती पत्रा बडवत असायची, आणि बडवताना तोंडानं अशा शिव्या चालायच्या की बरं झालं हेंकला मराठी येत नव्हतं. शिव्या पत्र्याला नव्हत्या, हे मला कळत होतं.

गाडी झाली खरी, पण कागद एकही नाही. कशाचीच पावती नाही. सरकारी माणूस तपासणार, मालक कोण ते ठरवणार, चासीवर नंबर ठोकणार, आणि मग ती गाडी म्हणायची. तोवर नुसता लोखंडाचा ढीग. हेंकच्या ट्रेलरवर घालून आम्ही ती तपासणीला नेली. माझं डच बरं म्हणून दुभाषी मी.

ब्रेक झाले, दिवे झाले. मग तपासनिसानं बॉनेट उचललं, चासीवर टॉर्च मारला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. नंबर घालायच्या जागेशेजारी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती. "हे काय लिहिलंय?"

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. सौ. वैजयंती शिरीष.

"आमच्याकडे भांड्यांवर असं नाव घालतात," मी सांगितलं.

"मालकाचं?"

"हो."

"मग शिरीष कोण?"

वैजूताईचा चेहरा उतरला. "अगं, लग्नातल्या ताटावर घालतात तसं घातलं. हात आपोआप चालला गं," ती पुटपुटली. तपासनीस वाईट माणूस नव्हता. पण गाडीवर दुसऱ्याचं नाव आहे म्हटल्यावर गाडी आपली नाही असं त्या दुसऱ्यानं सांगायला हवं, एवढंच तो म्हणाला.

तिला शिरीषला विचारावंच लागलं.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी गोठ्यात असताना तो आला. हातात पहार. "माझं नाव आहे ना हिच्यावर? म्हणजे माझी. मी ठेवीन नाहीतर मोडीन!" पहिल्याच फटक्यात समोरची काच फुटली, मग दिवा. वैजूताई मध्ये पडली, तिनं पहार धरली. त्यानं ती हिसकली आणि तिच्या हातावर घातली. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी किंचाळत हेंकला हाका मारल्या.

वैजूताईनं डाव्या हातानं घण उचलला. शिरीष मागे सरकत सरकत भिंतीला टेकला. "मार!" तो ओरडला. "मार ना, दाखव!" खोटं कशाला बोलू, मीही मनातून म्हणत होते, मार ताई, फोड मेल्याचं टाळकं.

ती वळली. बॉनेट खांद्यानं वर केलं आणि घण चासीवर घातला. नावावर. एक घाव, दुसरा घाव, उजव्या हातातून रक्त गळतंय, आणि ही एका हातानं घालतेच आहे. आधी शिरीष सपाट झाला, मग 'सौ.'सुद्धा; वैजयंती तेवढी राहिली. प्रत्येक घावाला भिंतीपाशी तो दचकत होता. हेंक धावत आला, त्यानं शिरीषला दोन्ही हातांनी कवळा घातला आणि पोलीस येईपर्यंत सोडला नाही.

तिनं तक्रार केली. तिच्या जवळपास फिरकायचं नाही असा त्याला हुकूम झाला. ही बाई माझ्या गोठ्यात ही गाडी बनवत होती, मी डोळ्यांनी पाहिलंय, असं हेंकनं सहीनिशी सांगितलं. तिची दोन बोटं मात्र वाकडी ती वाकडीच राहिली.

नवी काच बसवून आम्ही पुन्हा गेलो. तोच तपासनीस. त्यानं चासीवरची चेचलेली जागा पाहिली, मग तिचा हात पाहिला. आकड्यांचे ठसे काढले, पहिला ठसा तिच्या नावाशेजारी टेकवला आणि हातोडी उचलली.

हातोडीच्या आवाजात वाढलेली ही बाई. तिनं झटकन कोपर तोंडावर घेतलं.

तो थांबला. मला रडू आवरेना. वैजूताईनं हळूहळू हात खाली केला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या माणसाला सरळ मराठीतच म्हणाली, "थांबलास का? ठोक की. खोल ठोक, परत कुणाला काढता येऊ नये."

मी ते डचमध्ये सांगितलं. त्यानं मान हलवली आणि घाव घातला. शेवटचा आकडा बसेपर्यंत ती त्या हातोडीकडे बघत उभी होती.