मी रिकामी गाडी तपासली

आवाज पहिल्यांदा बायकोला ऐकू आला, आणि तिथेच सगळं बिनसलं. तो मला पहिल्यांदा ऐकू आला असता तर आठवड्याभरात गाडी दुरुस्त होऊन घरी आली असती.

बदली होऊन कोलकात्याला येऊन आम्हाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. ऑफिस खिदिरपूरला, गोदीच्या बाजूला. क्रेन, पंप असल्या अवजड यंत्रांची देखभाल माझ्याकडे. क्वार्टर मात्र सॉल्ट लेकला, आणि न्यायला-आणायला ऑफिसची बस. त्यामुळे आमची जुनी पांढरी गाडी आठवडाभर खाली झाडाची पानं अंगावर घेत उभी असायची. घरात आम्ही तिघं: मी, बायको आणि माझी आई. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला फिजिओथेरपीला न्यावं लागे. कधी टॅक्सी मिळायची नाही, मिळाली तर आईला त्यात चढता यायचं नाही. शेवटी बायकोने वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकायचं ठरवलं.

मी हसलो होतो. ‘आजूबाजूच्या ब्लॉकमध्ये आधी सूचना लावायला हवी,’ असं काहीतरी म्हणालो होतो. ती हसली नाही. एक वयस्कर बंगाली गृहस्थ तिला शिकवायला येत. ‘आस्ते, बौदी, आस्ते’, म्हणजे हळू, वहिनी, हळू, हे त्यांचं पालुपद गच्चीपर्यंत ऐकू यायचं. दीड महिन्यात ती शिकली, लायसन्स काढलं, आणि मंगळवार-शुक्रवार त्या दोघींचे झाले.

माझ्या बदल्यांपायी हिने दोन शहरांतल्या दोन नोकऱ्या सोडल्या होत्या. कोलकात्यात तर तिने शोधलीच नाही. या गावात तिचं स्वतःचं असं पहिल्यांदा काही झालं असेल तर ते हे गाडी चालवणं. उपचार आटोपले की दोघी सरळ घरी येत नसत. कधी मासळीबाजाराच्या पलीकडे नारळ बघायला, कधी मिठाईच्या दुकानात. आईला गोड वर्ज्य होतं. मी संध्याकाळी घरी आलो की दोघी इतक्या साळसूद चेहऱ्याने बसलेल्या असत की काय खाल्लं ते विचारायचीही गरज नसायची. सासू-सुनेचं इतकं गूळपीठ मी आधीच्या वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग एका शुक्रवारी बायको म्हणाली, “अहो, गाडी हळू असली की मागून कुठूनतरी आवाज येतो. मिक्सरमध्ये खडीसाखर टाकल्यावर येतो ना, तसा. सारखा नाही येत. चौकातल्या गोल आयलंडला वळताना येतो, गतिरोधकावरून उतरताना येतो. काल मी एकटी भाजीला गेले तेव्हा नाही आला.”

आता मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, यापेक्षा चांगली तक्रार माझ्या हाताखालच्या एकाही माणसाने मला कधी दिली नाही. कधी येतो, कुठे येतो, कधी येत नाही, सगळं तिने एका दमात सांगितलं होतं. मी ऐकलं ते फक्त ‘गाडी हळू असली की’ एवढंच. बाकीचं माझ्या कानावरून गेलं, कारण उत्तर मला आधीच सापडलं होतं. नवशिकी बाई, हळू गाडी, म्हणजे अर्धा दाबलेला क्लच.

रविवारी सकाळी मी गाडी काढली. ती चप्पल घालून दारात आली होती. “तू थांब घरी. मला शांतपणे ऐकू दे,” असं म्हणून मी तिला मागे ठेवलं. काचा खाली केल्या, रेडिओ बंद केला, पाण्याच्या टाकीला चार चकरा मारल्या, प्रत्येक गतिरोधकावरून मुद्दाम रांगत गेलो. आवाज नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी मी फक्त पेट्रोल भरून आलो आणि नाही आला म्हणून सांगितलं.

आईने तिची बाजू घेतली. “अरे, येतो आवाज. मी असते ना गाडीत.”

“आई, तुला दारावरची बेल ऐकू येत नाही.”

“कानाला नाही रे कळत. पायाला लागतं, तळव्याला.”

यावर मी इतका हसलो की आई रुसून आत गेली. गाडी एकदा सर्व्हिसिंगला टाकली, तर तिथल्या कागदावर मीच लिहून दिलं: क्लच तपासणे. त्यांनी क्लच तपासला, ठीक आहे म्हणाले, गाडी धुऊन परत दिली. यंत्रात दोष नाही म्हणजे चालवणाऱ्यात आहे, असा सोयीस्कर निष्कर्ष मी काढला आणि जेवताना जाहीर करून टाकला. बायकोने आमटी वाढली.

एका शनिवारी मला अर्धा दिवस ऑफिसला जायचं होतं. मी म्हणालो, “आज तू चालव, मी शेजारी बसून ऐकतो. मग कळेल तू काय करतेस ते.” गाडी घेऊन ती सॉल्ट लेकच्या बाहेर कधी गेली नव्हती. “इथल्या इथेच बघू ना,” ती म्हणाली. मी ऐकलं नाही. उड्डाणपुलावर ती कशीबशी आली, आणि मी सबंध वेळ तिच्या डाव्या पायाकडे बघत होतो. “पाय काढ. पूर्ण काढ. पुन्हा ठेवलास. कशाला ठेवलास?” खिदिरपूरच्या चौकात पोचलो तेव्हा पुढे बस, बाजूला ऑटो, मागे कंटेनरचा ट्रेलर. सिग्नल सुटला आणि गाडी बंद पडली. तिने चालू केली, पुन्हा बंद पडली. ट्रेलरवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही.

“उतर,” मी ओरडलो. “उतर खाली, मी घेतो.”

ती उतरली. त्या रहदारीत, पदर सावरत, गाडीच्या पुढून वळसा घालून डावीकडे आली. मी आतल्या आत सरकून स्टिअरिंगमागे बसलो होतो, त्यामुळे मला ती समोरच्या काचेतून दिसली. वाहतूक पोलीस हात वर करून आमच्यासाठी थांबला होता. ती त्याला ‘सॉरी’ म्हणाली. मला वाटतं, त्या दिवसाचं मला सगळ्यात जास्त काही टोचत असेल तर ते हे. चूक एकाची, आणि माफी तिने मागितली, तीही भलत्याच माणसाची.

त्यानंतर तिने किल्ली घेतली नाही. मी दोनदा विचारलं, तेही वरवर. आईसाठी पुन्हा टॅक्सी, ॲपवरची कॅब. आठवड्यात दोनदाचं एकदा झालं, मग पंधरा दिवसांनी एकदा. मिठाईचं दुकान बंदच झालं, कारण कॅबवाला थांबत नाही. गाडी मी रविवारी एकटाच काढायचो, आणि आवाज गेलाच होता. हा माझा सगळ्यात मोठा पुरावा. ‘बघ, तू चालवायची थांबलीस आणि आवाज थांबला,’ हे वाक्य मी घरात तर म्हटलंच, पण इथल्या चार मराठी कुटुंबांच्या संक्रांतीच्या तिळगुळालाही किस्सा म्हणून सांगितलं. लोक हसले. बायकोही हसली, आणि रिकाम्या ताटल्या गोळा करायला उठली.

पुढच्या दुर्गापूजेच्या दिवसांत आईने देवी बघायचा हट्ट धरला. कॅब मिळणं शक्यच नव्हतं. मी आईला मागे बसवलं, नेहमीसारखं डावीकडे, फुटपाथच्या बाजूला, पुढची सीट सरकवून पाय लांब करता येईल असं. बायको पुढे, माझ्या शेजारी. बांबूंच्या कुंपणांमधून गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. आयलंडला वळलो, आणि मागून आवाज आला. खडीसाखर. अगदी तिने सांगितली होती तशी.

“आला बघ,” आई म्हणाली.

मी बायकोकडे पाहिलं नाही. ती सरळ समोर बघत होती. देवीपर्यंत जाऊन येईस्तोवर तो आवाज आणखी पाच-सहा वेळा आला.

पूजेनंतर गाडी खिदिरपूरच्या एका गल्लीत जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्याने बॉनेट उघडलं नाही. आधी विचारलं, “दादा, जब आवाज आता है, तब गाडी में कौन कहाँ बैठता है?” मी सांगितलं. तो म्हणाला, “तो आप माँजी की जगह बैठिए.” मी मागे डावीकडे बसलो. वजनाने आई आणि मी सारखेच. त्याने गॅरेजच्या आवारात गाडी वळवली आणि एका फळीवरून हळूच उतरवली. आवाज आलाच, पण त्याच्याआधी माझ्या तळव्यांना काहीतरी चावलं. आई म्हणाली होती तसंच, पायाला लागलं.

मागच्या डाव्या चाकावरच्या स्प्रिंगचं खालचं टोक तुटलेलं होतं. गाडी रिकामी असली की ते गप्प असे. त्या कोपऱ्यावर वजन आलं की तुटकी कड बुडाच्या वाटीवर घासे. मिस्त्रीने टॉर्च धरून मला दाखवलं. तुटल्या जागी गंज चढलेला होता, जुना, तपकिरी.

“बहुत दिन का टूटा है. टायर में घुस जाता तो? गाडी कौन चलाता था?”

“मेरी वाइफ.”

“उन्होंने बोला नहीं कुछ?”

“बोला था,” मी म्हणालो.

मी जन्मभर क्रेनवर सह्या करत आलो. भार उचलून दाखवल्याशिवाय एकाही क्रेनला मी पास केलं नाही. रिकामी चालवून कागद पुढे करणाऱ्या एका सहकाऱ्याला मी सगळ्यांसमोर झापलं होतं. आणि घरची गाडी तपासायची वेळ आली तेव्हा मी दर रविवारी त्या दोघींना घरीच ठेवलं, कारण त्या आत असताना मला नीट ऐकू येणार नाही असं मला वाटत होतं. तितके दिवस बायको तुटक्या स्प्रिंगवर माझ्या आईला बसवून फिरत होती, सांगत होती, आणि मी तिच्या पायाकडे बघत होतो.

घरी आलो तेव्हा ती कोथिंबीर निवडत होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “हो का? बरं झालं सापडलं.” मी किल्ली तिच्यापुढे ठेवली. “चल, एक चक्कर मारू. तू चालव.”

“नको हो. सवय गेली आता.”

मी आग्रह केला, मग आणखी केला, आणि मग, लाज वाटते सांगायला, मी चिडलो. “चुकलो म्हणतोय ना मी! आता काय पाया पडू?” माफी मागतानाही मला शांत राहता आलं नाही. तिने कोथिंबिरीच्या काड्या कागदात गुंडाळल्या.

“तुम्ही ओरडलात त्याचं काही नाही,” ती म्हणाली. “ते मला नवीन नाही. पण त्या दिवसांत मला खरंच वाटायला लागलं होतं, की आवाज येतच नाहीये. मलाच भास होतोय. आईंना पण मी म्हणाले, तुम्ही उगाच माझं ऐकून हो म्हणू नका.”

मी किल्ली उचलून परत खुंटीला लावली.

याला वर्ष होत आलं. गाडी उत्तम चालते. मी आईला सुट्टीच्या दिवशी उपचारांना नेतो, त्या मिठाईच्या दुकानाशी थांबतो, पण मी बरोबर असलो की आई काही मागत नाही. बायको पुढे बसते, सीटबेल्ट लावते, रस्त्याकडे बघते. परवा मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पुसत.

“अहो, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या ना?”

इतका वेळ ती कुकरच्या शेजारीच उभी होती. मी दोन भिंती पलीकडे. माझं लक्षही नव्हतं.

“तुला किती ऐकू आल्या?” मी विचारलं.

“मला तीन वाटल्या,” ती म्हणाली, आणि गॅसकडे न जाता तिथेच उभी राहिली. “पण तुम्ही सांगा.”